समुद्रावरचे भाडे : स्वस्ताईचा जमाखर्च

परदेशातून आलेला बूट मुंबईच्या दुकानात विकत घेताना त्याच्या किमतीत जहाजाचे भाडे किती, असा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारण्याजोगा तो आकडा नसतोही. समजा, चाळीस फुटी कंटेनरमध्ये बुटांचे सहा हजार जोड बसले आणि त्या कंटेनरचे भाडे दोन हजार डॉलर पडले, तर एका जोडामागे तेहतीस सेंट येतात. म्हणजे तीस रुपयांच्या आसपास. हजारो सागरी मैलांचा प्रवास तीस रुपयांत. बंदरापासून दुकानापर्यंतचा ट्रक पुष्कळदा याहून जास्त खातो.

आयात-निर्यातीची कागदपत्रे करण्याच्या धंद्यात माझी पंचवीस वर्षे गेली. सकाळी बॅलार्ड इस्टेटमध्ये जहाज कंपनीच्या एजंटाकडे, दुपारी न्हावा-शेव्याला, असा तो दिनक्रम होता. भाड्याची पावती रोज हातातून जायची. हीच रक्कम एका वर्षी दोन हजार डॉलर, दुसऱ्या वर्षी दहा हजार आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा दीड हजार कशी होते, हे पाहता पाहता मी या विषयाच्या वाचनाकडे वळलो. जगातल्या एकूण मालापैकी वजनाने ऐंशी टक्क्यांहून अधिक माल समुद्रावरून जातो. तो इतका स्वस्त कसा जातो, आणि ही स्वस्ताई कोणाच्या जिवावर चालते, हे या लेखात मांडायचे आहे. माझ्या समजुतीप्रमाणे, भाडे उतरते तेव्हा खर्चाचा काही भाग खरोखरच वाचलेला असतो. उरलेला भाग मात्र एकाच्या खात्यावरून दुसऱ्याच्या खात्यावर गेलेला असतो.

खोका आणि त्याचा आकार

आधी खऱ्या बचतीबद्दल. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचे एक जुने तेलवाहू जहाज अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून ह्यूस्टनकडे निघाले. त्याच्या डेकवर ५८ धातूचे खोके बांधले होते. ही कल्पना माल्कम मॅक्लीन या ट्रकच्या धंद्यातल्या माणसाची. त्या काळी सुटा माल जहाजावर चढवायला टनामागे सहा डॉलरच्या जवळपास खर्च येई. खोक्यांमुळे तो सोळा सेंटांच्या आत आला. जहाज तेच, समुद्र तोच. वाचला तो धक्क्यावरचा वेळ. पोती, पिंपे आणि गासड्या एकेक करून उतरवल्या जात तेव्हा जहाजाचे निम्मे आयुष्य बंदरातच जाई. आता हजारो कंटेनरांचे जहाज एका दिवसात मोकळे होऊन निघून जाते.

दुसरी बचत आकाराची. जहाजाची लांबी, रुंदी आणि खोली दुप्पट केली तर त्याला लागणारे पोलाद साधारण चौपट होते, पोटातली जागा मात्र आठपट. माणसे तर तितकीच, वीस-पंचवीस. म्हणून जहाजे वाढत गेली. कंटेनरांची मोजणी वीस फुटी कंटेनर हे एकक धरून करतात. २००६ साली पाण्यात उतरलेल्या ‘एमा मर्स्क’वर असे सुमारे १५ हजार कंटेनर बसत, ‘एमएससी इरिना’ची क्षमता २४ हजारांहून अधिक आहे. ही ‘इरिना’ जून २०२५ मध्ये केरळच्या विळिंजम बंदराला लागली होती.

ही बचत खरी असली तरी तिचीही किंमत कोणीतरी मोजली. न्हावा-शेवा १९८९ साली सुरू झाले. मुंबईच्या जुन्या गोद्यांत हूक घेऊन पोती उचलणारे हात तेव्हापासून कमी कमी होत गेले. पी. डिमेलो यांच्यासारख्यांनी लढून मिळवलेली गोदी कामगारांची वेतनश्रेणी राहिली. ज्या कामासाठी ती होती ते काम खाडीपलीकडे क्रेनकडे गेले. भाडे उतरले त्यातला एक वाटा हा होता.

रिकाम्या जागेची किंमत

आता चढउताराकडे येऊ. ठरावीक मार्गावर ठरल्या वारी निघणारे कंटेनर जहाज भरलेले असो वा अर्धे रिकामे, त्याचा खर्च जवळपास सारखाच असतो. कर्जाचे हप्ते, विमा, खलाशांचे पगार, इंधन आणि कालव्याचा टोल या गोष्टी आत कंटेनर किती आहेत हे पाहत नाहीत. जहाज सुटायला दोन दिवस उरलेत आणि हजार कंटेनरांची जागा रिकामी आहे, अशा वेळी मालक काय करील? एक जादा कंटेनर चढवण्या-उतरवण्याचा खर्च निघून वर थोडे उरत असेल, तर तो कोणत्याही भावाला माल घेईल. प्रत्येक मालकाने असे केले की भाडे खाली घसरत जाते आणि हप्ते कोणाचेच निघत नाहीत. शेवटच्या एसटीतली रिकामी सीट आणि जहाजातली रिकामी जागा यांत फरक नाही. गाडी सुटली की ती जागा कायमची वाया.

यावर उपाय म्हणजे जहाजे कमी करणे. पण जहाज पंचवीस वर्षे जगते. उलट भाडी तेजीत असली की प्रत्येक मालक नवी जहाजे नोंदवतो. ती हाती यायला दोन-तीन वर्षे लागतात. सगळ्यांनी एकदम नोंदवलेली जहाजे एकदमच पाण्यात उतरतात, आणि तोवर तेजी सरलेली असते. कांदा तेजीत गेला की पुढच्या हंगामात सगळे गाव कांदा लावते, ही गोष्ट नाशिक-लासलगावच्या वाचकाला समजावून सांगायला नको. जहाजांचा कांदा पिकायला तीन वर्षे लागतात आणि पुढे तो पंचवीस वर्षे बाजारात राहतो, एवढाच फरक.

कोळसा, खनिज आणि धान्य नेणाऱ्या जहाजांचा भाडे-निर्देशांक लंडनची बाल्टिक एक्स्चेंज काढते. १७४४ च्या सुमाराच्या एका कॉफीघरात या संस्थेची मुळे आहेत. मे २००८ मध्ये तो निर्देशांक ११,७९३ वर होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो ६६३ वर आला, आणि तेजीत नोंदवलेली जहाजे उतरतच राहिल्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये २९० वर. कंटेनरचा धंदाही त्या वर्षी बुडीत होता. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी दक्षिण कोरियाची हानजिन ही जगातली सातव्या क्रमांकाची कंटेनर कंपनी न्यायालयाच्या संरक्षणाला गेली. सुमारे १४ अब्ज डॉलरचा माल तिच्या जहाजांवर अडकला. आपले पैसे मिळतील याची खात्री नसल्याने अनेक बंदरांनी जहाजांना आत घेतलेच नाही. स्वस्त भाड्याचा फायदा वर्षानुवर्षे घेतलेल्या व्यापाऱ्यांना त्याची उरलेली किंमत त्या दिवशी एकरकमी मोजावी लागली.

पाच वर्षांत चित्र उलटले. करोनाकाळात अमेरिकेतल्या लोकांनी घरबसल्या वस्तू मागवल्या, बंदरे तुंबली आणि रिकामे कंटेनर चुकीच्या किनाऱ्यांवर अडकून पडले. सप्टेंबर २०२१ मध्ये चाळीस फुटी कंटेनरचे जागतिक सरासरी भाडे दहा हजार डॉलरवर गेले. वर सांगितलेल्या बुटाच्या जोडामागे तीसऐवजी दीडशे रुपये. बूट ते सोसतो. खुर्च्या, फरशा किंवा पेंड यांसारखा जागा जास्त आणि दाम कमी असलेला माल सोसत नाही. आमच्याकडे निर्यातदार माल बांधून बसलेले आणि कंटेनर नाही, ही अवस्था महिनोन् महिने होती. दुसऱ्या बाजूला मर्स्क कंपनीचा २०२२ चा नफा होता २९ अब्ज डॉलरहून अधिक. त्या नफ्यातून साऱ्या धंद्याने नवी जहाजे नोंदवली आणि २०२३ च्या शरदात तेच सरासरी भाडे दीड हजारांच्या खाली आले. पुढे तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला आणि जादा जहाजे त्यात खपली. नाशिकच्या द्राक्षांना तो वळसा २०२४ च्या हंगामात सोसावा लागला.

निष्ठेचा मोबदला

मोकळ्या स्पर्धेत सगळेच बुडतात, हे जहाजमालकांनी फार लवकर ओळखले. त्यावरचा त्यांचा तोडगा आपल्याच किनाऱ्याशी जोडलेला आहे. १८७५ साली ब्रिटन-कलकत्ता मार्गावरच्या कंपन्यांनी एकत्र येऊन भाडी ठरवून घेतली. अशा संघांना ‘कॉन्फरन्स’ म्हणत, आणि हा त्यांतला पहिला मानला जातो. लवकरच त्याला एक हत्यार मिळाले, थकीत सवलतीचे. व्यापाऱ्याने सहा महिने फक्त संघाच्याच जहाजांतून माल पाठवला तर भाड्याचा काही भाग परत मिळे. पण तो लगेच नाही, पुढचे सहा महिनेही तो निष्ठावंत राहिला तर. मधल्या काळात एक पेटी जरी परक्या जहाजावर चढवली तरी सगळी साठलेली सवलत बुडे. व्यापाऱ्याचेच पैसे त्याला बांधून ठेवण्याची ही दोरी होती.

तरीही कोणी नवा आलाच, तर भाडेयुद्ध. १९०६ साली व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिनला स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ब्रिटिश कंपनीने आपले तिकीट उतरवत उतरवत शेवटी फुकट केले, वर छत्रीही देऊ केली. १९०८ साली चिदंबरम तुरुंगात गेले आणि त्यांची कंपनी काही वर्षांत गुंडाळली गेली. फुकट प्रवासाची किंमत पुढच्या उतारूंनी भरली असणार, हे उघड आहे.

सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापली. त्यांचे पहिले जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले; आपला राष्ट्रीय सागरी दिन तो हाच. जहाजाचे नाव होते ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा. ज्या शब्दाच्या दोरीने व्यापाऱ्यांना बांधले होते, तोच नेमका. सिंदियावरही भाडेयुद्ध लादले गेले. १९२३ साली लॉर्ड इंचकेप यांच्या गटाशी कंपनीने दहा वर्षांचा करार केला आणि भारताच्या आसपासच्या किनारी वाहतुकीपुरती, तीही ठरावीक टनभारापर्यंत, मर्यादा मान्य केली. वालचंदांना हा करार गुलामीचा वाटे. पण त्याशिवाय कंपनी टिकली नसती.

हे संघ आता नाहीत. युरोपने २००८ साली त्यांची कायदेशीर सूट काढून घेतली. त्यांच्या जागी आघाड्या आल्या आहेत. त्या भाडे ठरवत नाहीत, एकमेकांच्या जहाजांतली जागा वाटून घेतात. मागणी घटली की एखादी फेरीच रद्द करतात, किंवा जहाजे हळू चालवतात. वेग एक पंचमांशाने कमी केला तर दिवसाचे इंधन जवळजवळ निम्म्यावर येते आणि तेवढाच माल न्यायला जास्त जहाजे लागतात. जादा जहाजे अशी खपून जातात. निष्ठेची दोरी गेली, पण जागा टंचाईत ठेवण्याची कला राहिली.

मालक कोण?

स्वस्ताईचा तिसरा झरा कायद्यातून वाहतो. एक उदाहरण घेतो. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ हे तीनशे मीटर लांबीचे कंटेनर जहाज बाल्टिमोरहून कोलंबोकडे निघाले. वीज गेली, सुकाणू हातातून सुटले, आणि जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे सहा मजूर मेले. तेही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेले.

हे जहाज कोणाचे? बांधले दक्षिण कोरियात. झेंडा सिंगापूरचा. मालकी सिंगापूरच्या एका कंपनीची, व्यवस्थापन तिथल्याच दुसऱ्या कंपनीचे. भाड्याने घेतले होते डेन्मार्कच्या मर्स्कने. जहाजावर २१ माणसे, त्यांतले २० भारतीय आणि एक श्रीलंकेचा.

हा गुंता मुद्दाम ठेवलेला असतो. जगातला सर्वांत मोठा टनभार लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटे या तीन झेंड्यांखाली आहे. लायबेरियाची जहाज नोंदणी चालते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून. समुद्रच नसलेल्या मंगोलियाचाही झेंडा जहाजांवर मिळतो. झेंडा ज्या देशाचा, त्या देशाचे कर आणि कामगार कायदे जहाजाला लागू. मग मालक सोयीचा झेंडा निवडतो. शिवाय प्रत्येक जहाजासाठी वेगळी कंपनी काढतात. त्या कंपनीची मालमत्ता म्हणजे तेवढे एक जहाज, आणि एक जहाज बुडाले तर बाकीची सुरक्षित.

याच्या जोडीला दायित्वाची मर्यादा. ‘डाली’च्या मालकांनी अपघातानंतर आठवड्याच्या आत अमेरिकेच्या न्यायालयात अर्ज केला, की आपली जबाबदारी ४ कोटी ३७ लाख डॉलरच्या आसपास ठरवावी. आधार होता १८५१ च्या कायद्याचा. या कायद्याप्रमाणे मालकाचे दायित्व अपघातानंतर उरलेल्या जहाजाची किंमत आणि त्या फेरीचे भाडे एवढ्यावर रोखता येते. ‘टायटॅनिक’च्या मालकांनीही अमेरिकेत हाच कायदा पुढे केला होता. तेव्हा उरलेले जहाज म्हणजे वाचलेल्या होड्या. ‘डाली’च्या बाबतीत, केवळ बंदर मोकळे करण्याच्या खर्चापोटी अमेरिकी सरकारशी दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेची तडजोड २०२४ च्या ऑक्टोबरात झाली. पुलाचा आणि माणसांचा हिशेब वेगळाच.

या मर्यादेचे समर्थन नाही असे नाही. सगळे नुकसान मालकावर टाकले तर विमा मिळणार नाही आणि कोणी जहाज बांधणार नाही, हा युक्तिवाद जुना आहे आणि एकोणिसाव्या शतकात तो खराही होता. पण भाडे कमी दिसते याचे एक कारण हेही आहे, की मोठ्या अपघाताची पूर्ण किंमत त्यात धरलेलीच नसते. ती बंदराचे शहर भरते, करदाता भरतो, मजुराची विधवा भरते.

आणि ते २१ जण? अपघातानंतर ते अनेक आठवडे त्याच जहाजावर राहिले. तपास यंत्रणांनी त्यांचे फोन नेले, व्हिसा नसल्याने खाली उतरता येईना. पुलाचे लोखंड स्फोटाने तोडले तेव्हाही ते आतच होते. त्यांतल्या काहींना जूनमध्ये, जवळजवळ तीन महिन्यांनी, घरी जाण्याची परवानगी मिळाली.

सोडून दिलेली माणसे

रत्नागिरी आणि रायगडच्या अनेक गावांत ‘बोटीवर असतो’ एवढे सांगितले की पुरते. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये त्यांच्या पिढ्या नेमणुकीची वाट पाहत राहिल्या. जगात सुमारे १९ लाख खलाशी आहेत आणि ते पुरवणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारत आहे. नोकरी चांगली लागली तर घर वर येते. वाईट लागली तर काय होते, त्याला सागरी कायद्यात एक शब्द आहे : परित्याग. मालकाने दोन महिने पगार दिला नाही, किंवा अन्नपाणी आणि परतीचा खर्च नाकारला, की खलाशी सोडून दिलेला मानतात. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीप्रमाणे २०२४ साली अशी ३१२ जहाजे होती आणि त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे. कोणत्याही एका देशाचे म्हणाल तर सर्वांत जास्त भारतीय.

याचे अर्थकारण सरळ आहे. जुने जहाज, मंदीचे भाडे, बँकेचे कर्ज. जहाजाची भंगारकिंमत देण्यापेक्षा कमी झाली की त्या एका जहाजाची ती एक कंपनी मालक बंद करतो. झेंड्याचा देश दूर, कचेरी तिसऱ्याच देशात. खलाशी उतरून गेला तर पगारावरचा हक्क सुटेल या भीतीने जहाजावरच राहतो. बंदरही त्याला उतरू देत नाही, कारण जहाज राखायला कोणीतरी हवेच. २०१७ पासून मालकाला विम्याचे प्रमाणपत्र ठेवावे लागते आणि त्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार मिळू शकतो. ही सुधारणा मोठी आहे. पण ज्या जहाजांना विमाच धड नाही, नेमकी तीच सोडून दिली जातात. बोटीवर जाणाऱ्या मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी पगाराचा आकडा पाहण्याआधी जहाजाचा आयएमओ क्रमांक, झेंडा आणि ते प्रमाणपत्र तपासावे, आणि भरती करणारा एजंट नौवहन महासंचालनालयाकडे नोंदलेला आहे ना हे पाहावे. भाड्याच्या चढउताराचा सर्वांत खालचा धक्का याच मुलाला बसतो.

आपली जहाजे

१९८७-८८ साली भारताच्या सागरी व्यापारातला जवळजवळ ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जाई. पुढच्या तीस वर्षांत तो आठ टक्क्यांच्या खाली आला. कारणे अनेक आहेत. दोन्ही टोकांच्या देशांच्या जहाजांना चाळीस-चाळीस टक्के आणि तिसऱ्याला वीस, असा संयुक्त राष्ट्रांच्या एका आचारसंहितेतला दंडक व्यवहारातून गेला. आपल्या मालकांना कर्ज महाग आणि झेंडा आपलाच, तर स्पर्धक सोयीच्या झेंड्याखाली. आणि आपला निर्यातदार माल आपल्या बंदरात जहाजावर चढवून मोकळा होतो, आयातदार मात्र भाड्यासकट भावाने विकत घेतो. म्हणजे दोन्ही वेळा जहाज समोरचा निवडतो. सिंदिया कंपनी ऐंशीच्या दशकाअखेर डबघाईला आली. बॅलार्ड इस्टेटमधल्या सिंदिया हाउसमध्ये पुढे आयकर खात्याच्या कचेऱ्या आल्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मला ती आवश्यक वाटते. २०२१ सारख्या वर्षी ज्याच्याकडे स्वतःचे थोडे तरी जहाज असते, त्याला समोरच्याशी बोलता येते. पण आपल्या जहाजाचे भाडे सुरुवातीची काही वर्षे बाजाराहून जास्त पडेल, हे आधीच मान्य करायला हवे. त्यात आपल्या कायद्याचा पगार असेल, विमा असेल, करही असेल. हा फरक निर्यातदाराने सोसायचा, सरकारी तिजोरीने की ग्राहकाने, ते उघडपणे ठरवावे लागेल. तसे न ठरवता नुसती जहाजे वाढवली, तर तीही उद्या झेंडा बदलतील आणि रायगडचा मुलगा पुन्हा कुठल्यातरी परक्या बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजावर पगाराची वाट पाहत बसेल. बुटाच्या जोडामागे तीसऐवजी पस्तीस रुपये पडले तर आपल्याला ते कळणारही नाही. जहाजावरच्या माणसाला मात्र त्या पाच रुपयांनी पुष्कळ फरक पडतो.